शेवटच्या कडव्यातलं नाव

सिन्नर आणि संगमनेर यांच्या मधला मुलूख पावसाला नेहमीच पारखा. बाजरी, मठ, हुलगे यांवर जगलेला, आणि जिरायतीत भागेना म्हणून विडीच्या कारखान्यांत मांडीवर सूप घेऊन बसलेला. या कोरड्या पट्ट्यात गाणं रचणारी माणसं मात्र पिढ्यान्‌पिढ्या होत आली. संगमनेर हे अनंत फंदींचं गाव. सिन्नर तालुक्यातल्या वावीचे परशराम धंद्यानं शिंपी, आणि पेशवाईच्या उत्तरार्धातले नावाजलेले शाहीर. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या जिच्या गळ्यातून महाराष्ट्रानं ऐकल्या, ती पवळा संगमनेरजवळच्या हिवरगाव पावशाची. आणि सिन्नर तालुक्यातल्याच देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ला वामन तबाजी कर्डक जन्मले. सगळा महाराष्ट्र त्यांना वामनदादा म्हणतो.

ही नावं पुस्तकात वाचायच्या आधी मी आबांच्या तोंडून ऐकली. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. १९५६च्या धर्मांतरानंतर आमच्या भागात गावोगाव गायन पार्ट्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीत आबा झीलकरी होते. पुढं उभा राहून गातो तो शाहीर. त्याची ओळ संपता संपता मागून जे ती उचलून धरतात ते झीलकरी. आबा स्वतःच्या गाण्याविषयी फारसं बोलत नसत. कवीविषयी बोलायला लागले की मात्र त्यांचा आवाज बदलायचा. "गाणारा पुढं दिसतो पोरी, पर त्याच्या तोंडात शबूद कुणी घातला त्ये इचारत जा," असं ते सांगायचे. गीतकार असणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला त्यांच्यामुळे पडला. त्याचं जे काही उत्तर माझ्यापाशी आहे, तेही त्यांच्या आणि आजीच्या गोष्टींतूनच जमलेलं आहे.

त्यांची आवडती गोष्ट फंदींची. अनंत घोलप हा संगमनेरच्या ब्राह्मणाचा मुलगा. गावातल्या मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याची मैत्री जडली, आणि ती इतकी गाढ झाली की लोक त्यालाही फंदी म्हणायला लागले. अनंतानंही ते नाव आनंदानं घेतलं आणि आपल्या कवनांत घातलं. पुढं त्यानं तमाशाचा फड काढला. एकदा दौऱ्यावर असताना त्याची गाठ अहिल्याबाई होळकरांशी पडली. ब्राह्मणानं हातात डफ घेऊ नये असं अहिल्याबाईंनी सुनावलं, तेव्हा फंदींनी तिथल्या तिथं डफ फोडला आणि कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. कीर्तनकार ही गोष्ट उपरतीची म्हणून सांगतात. आबा ती सांगून झाल्यावर थोडं थांबायचे आणि विचारायचे, "डफ फुटला, पर कवन कुठं फुटलं?" खरंच आहे. १८१९ साली फंदी गेले. त्यांचा फड मोडला, डफ गेला, आश्रय देणारी पेशवाईही त्याच सुमाराला बुडाली. त्यांचे फटके आणि लावण्या मात्र लोकांनी तोंडात धरून ठेवल्या, आणि त्यांच्याबरोबर एका फकिराचं नावही.

मी कॉलेजात गेल्यावर वाचलेल्या गोष्टी आबांना सांगायला लागले. पुण्याच्या होनाजीची गोष्ट त्यांना फार आवडली. होनाजी जातीनं गवळी, घरचा धंदा दुधाचा. तो कवनं करायचा आणि त्याचा मित्र बाळा कारंजकर ती गायचा. दोघांचा फड इतका गाजला की 'होनाजी बाळा' हे एकाच माणसाचं नाव आहे असं आजही कितीतरी लोकांना वाटतं. आबा म्हणाले, "अशी जोडी पायजे. नावातबी फारकत न्हाई."

बापूराव आणि पवळा यांची जोडीही अशीच, पण तिच्यासाठी बापूरावांनी मोजलेली किंमत मोठी. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, जन्म १८६६चा. लावणीसाठी त्यांनी घरचं कुलकर्णीपण सोडलं, जातीचा रोष पत्करला, आणि पठ्ठे बापूराव या नव्या नावानं फडात उभे राहिले. शब्द कुलकर्ण्याचे आणि गळा हिवरगावच्या महारवाड्यातल्या पवळेचा. त्या काळच्या समाजात ही दोन माणसं एका पंगतीला बसू शकत नव्हती, पण एकाच लावणीत नांदली. १९४५ साली बापूराव गेले ते विपन्नावस्थेत. आबांच्या मते कुलकर्णी म्हणून ते सुखात मेले असते, पण त्यांचं नाव कुणाला कळलं नसतं.

गाणं रचायचं म्हणजे काय करायचं, हे आबांनी एका माणसाला जवळून पाहून जाणलं होतं. त्यांच्या पार्टीचा कवी विडीच्या कारखान्यात कामाला होता. बाहेरगावाहून आलेला, एकटा राहणारा. टेंभुर्णीचं पान कापायचं, त्यात जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. हजार विड्यांमागे मजुरी, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. पण सवय झाली की हात आपसूक चालतात आणि तोंड मोकळं राहतं. हा कवी विड्या वळता वळता ध्रुपद जुळवायचा आणि हलक्या आवाजात म्हणत बसायचा. आजूबाजूला बायकांची रांग. संध्याकाळी सूप आवरताना त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडी ते ध्रुपद आलं, तर ते राहिलं. कुणाच्याच तोंडी आलं नाही, तर त्यानं ते तिथंच टाकून दिलं. कितीही मेहनतीनं जुळवलेलं असो, परत त्याच्याकडे बघायचं नाही.

वहीत ओळ कितीही देखणी दिसली, तरी त्याला त्याचं काही नव्हतं. झीलकऱ्यांपैकी निम्म्यांना वाचता येत नव्हतं, आणि समोरच्या गर्दीतल्या बहुतेकांना तर नाहीच. त्यामुळे ध्रुपद एकदा ऐकून उचलता आलंच पाहिजे. गॅसबत्तीच्या उजेडात, लाउडस्पीकरशिवाय, उघड्या मैदानात गायचं. म्हणून ओळीचा शेवट शक्यतो 'आ'वर किंवा 'ई'वर यायचा, म्हणजे आवाज लांबवता येतो आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. एका दमात मावेल एवढीच ओळ. नवं काही सांगायचं असेल तर चाल जुनी घ्यायची, लोकांच्या कानात आधीच बसलेली. सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर बाबासाहेबांचं गाणं बांधलं म्हणून कुणी नाकं मुरडली, तर हा कवी सांगायचा की चाल वळखीची असली की माणूस दारात उभा ऱ्हात न्हाई, आत येतो. आत आल्यावर त्याला शब्द ऐकवायचे.

मला यात गीतकाराच्या कामाचं मर्म दिसतं. कविता लिहिणारा वाचकाला एकांतात गाठतो. वाचक थांबतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. गीतकाराला ती सवलत नाही. त्याचे शब्द दुसऱ्याच्या श्वासावर चालतात, तिसऱ्याच्या ठेक्यावर पडतात आणि चौथ्याच्या आठवणीत राहायला जातात. त्या सगळ्यांची फुप्फुसं, जिभा आणि कान आधी ओळखून घ्यायचे आणि मग लिहायला बसायचं. स्वतःचं मन ओतणं ही त्यातली पहिली पायरी. दुसऱ्या माणसाला ते म्हणताना आपलंच मन बोलतंय असं वाटावं, ही खरी कसोटी.

आणि तरीही गाणं कुणाचं, हे सांगायची सोय आपल्या जुन्या माणसांनी करून ठेवली होती. शेवटच्या कडव्यात नाव. तुकोबांपासून जनाबाईंपर्यंत सगळ्यांच्या अभंगांत ते आहे. एकनाथांनी आपल्या नावाशेजारी गुरू जनार्दनस्वामींचं नाव बसवलं. सोयराबाईंनी स्वतःला चोख्याची महारी म्हणवलं. जात आणि नवरा दोन्ही त्या मुद्रेत आहेत. अफझलखानाच्या वधाचा, १६५९च्या घटनेवरचा, अज्ञानदासाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांत सगळ्यात जुना मानतात. रचणाऱ्याचं नाव पोवाड्यात आलं म्हणून आज आपण ते घेऊ शकतो. जिजाबाईंनी त्याला घोडा आणि शेरभर सोनं बक्षीस दिलं, असं परंपरा सांगते. ते सोनं, तो घोडा कुठं गेला कोण जाणे. नाव टिकलं.

आबांच्या कवीनं मात्र शेवटच्या कडव्यात नाव घालायला कायम नकार दिला. गाणं बाबासाहेबांचं आहे, त्यात आपलं नाव कशाला, असं त्याचं म्हणणं. आबा भांडायचे. मग एका जयंतीला दुसऱ्या तालुक्यातली पार्टी सामन्याला आली आणि तिनं याच कवीचं गाणं याच्याच समोर म्हटलं. शेवटचं कडवं आलं आणि त्यात त्यांच्या शाहिराचं नाव. मूळ गाण्यात नावाची जागा रिकामीच होती, त्यामुळे ते अगदी बेमालूम बसलं. आबा उठून उभे राहिले. कवीनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "ध्रुपद बरोबर म्हणाल्याती. म्हणू द्या," एवढंच तो बोलला.

ही गोष्ट सांगताना आबांचा राग म्हातारपणीही तसाच असायचा. ते म्हणायचे, नाव यमकात बांधलेलं असलं की चोराला सहजी काढता येत नाही. तीन अक्षरांच्या जागी पाच अक्षरं कोंबली की ढोलकी अडखळते, आणि ढोलकी अडखळली की गाव ओळखतं. पुढं तो कवी मुंबईला निघून गेला. कारखान्यात, पार्टीत, गावात सगळे त्याला 'कवी'च म्हणायचे. आडनाव काय, गाव कोणतं, कुणी विचारलं नव्हतं. आबांना त्याची गाणी अखेरपर्यंत पाठ होती. नाव मात्र त्यांना कधीच सांगता आलं नाही.

माझी आजी या वादात पडत नसे, पण तिच्यापाशी तिसरंच उत्तर होतं. ती पहाटे जात्यावर ओव्या गात मोठी झालेली. तिच्या ओव्यांत भावाचं नाव असायचं, लेकाचं असायचं, माहेरच्या गावाचं असायचं. आधी विठोबा असायचा, नंतर भीमराव आले. तिचं स्वतःचं नाव कुठल्याच ओवीत नाही. ही ओवी तू केलीस का, असं विचारलं तर ती म्हणायची, "मी कुठं करती? दळताना येती." आणि मग सरळ सांगायची की दुसरी ओळ तिच्या सासूची आहे, तिनं फक्त पहिली बदलली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव हिंडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हजाराहून जास्त गावांतून, आणि गाणाऱ्या बाईचं नाव व गाव ओवीबरोबर नोंदवलं. ते काम पाहिल्यावर मला आजीच्या त्या बोलण्याचं वजन कळलं. महाराष्ट्राच्या एवढ्या गाण्यांवर कुणाचंच नाव नव्हतं, कारण ती रचणाऱ्या बायकांना आपण रचतोय असं म्हणायची मुभाच कुणी दिली नव्हती.

म्हणून शेवटच्या कडव्यातलं नाव मला मोठेपणाची हौस वाटत नाही. नाव घालणं म्हणजे जबाबदारी घेणंही आहे. १९०९ साली नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली ती कवितांची एक पुस्तिका छापल्याबद्दल. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारलं, आणि पुढं सरकारनं त्यावरही बंदी आणली. लोकांच्या तोंडी बसलेल्या ओळीची सत्तेला धास्ती वाटते. अशा ओळीखाली नाव घालणारा माणूस सांगत असतो की हे मी म्हणालो, विचारायचं तर मला विचारा.

आंबेडकरी जलशांनी हे धैर्य गावागावात नेलं. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या काळात सभेला येऊ न शकणाऱ्या, पत्रक वाचू न शकणाऱ्या माणसांपर्यंत चळवळ पोचवायचं काम जलशांनी केलं. तमाशाचाच बाज, पण गवळणीच्या जागी पाणवठ्याचा, शाळेचा, वेठबिगारीचा सवाल. आमच्याच जिल्ह्यातले भीमराव कर्डक यांचा जलसा त्यांत अग्रेसर. त्यांनी पुढं 'आंबेडकरी जलसे' या विषयावर पुस्तक लिहिलं म्हणून त्या काळातली कितीतरी नावं वाचली. आपल्या दहा सभांचं काम जलशाचा एक कार्यक्रम करतो, असं बाबासाहेब म्हणाल्याचं आबा सांगायचे. आमच्याकडची सगळीच जुनी माणसं ते सांगतात आणि सांगताना ताठ बसतात.

त्याच वाटेवर वामनदादा आले. आबांनी त्यांना ऐकलं होतं, आणि आमच्या घरात त्यांचं आयुष्य आम्हा पोरांना गोष्टीसारखं सांगितलं जायचं. तरुणपणापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. मुंबईत शिवडीच्या चाळीत राहत असताना कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं, आणि वाचता येत नसल्याचं दुःख त्यांच्या मनाला लागलं. मग ते अक्षरं शिकले. रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरांपर्यंत पोचले. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं आणि त्यानंतर हजारो. 'सांगत्ये ऐका' या १९५९च्या गाजलेल्या चित्रपटातही त्यांचं गीत आहे. पण त्यांनी आयुष्य वाहिलं ते भीमगीतांना, गावोगाव फिरून, मिळेल त्या मंचावर उभं राहून. १५ मे २००४ला नाशिकला ते गेले.

त्यांच्या गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येतं. त्यांच्या एका संग्रहाचं नावच 'हे गीत वामनाचे' असं आहे. आबांच्या लेखी हा सगळ्या वादाचा निकाल होता. ज्या माणसाला वयाच्या विशीपर्यंत स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्यानं ते अशा जागी लिहिलं की हजारो माणसं दरवर्षी मोठ्यानं म्हणतात. ज्यांच्या नावावर कधी सातबारा नव्हता, त्यांच्यासाठी शेवटचं कडवं हीच नोंद. आबांच्या कवीची निरिच्छता मला पूज्य वाटते. पण मी आबांच्या बाजूची आहे. ज्यांची नावं शतकानुशतकं पुसली गेली, त्यांनी आपलं नाव स्वतःहून गाळू नये.

आणि त्यांनी गाळलं तर आपण ते शोधावं. आकाशवाणीवर गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं सांगायची रीत होती. त्या एका वाक्यानं गदिमा, शांता शेळके, जगदीश खेबुडकर ही नावं खेड्यांतल्या घराघरांत पोचली. आता गाणं मोबाइलवर येतं तेव्हा बहुधा गायकाचंच नाव दिसतं, आणि जयंतीच्या मिरवणुकीत वाजतं तेव्हा तेही नसतं. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगीतांच्या गीतकारांना रॉयल्टीतला वाटा राखून मिळाला. तो हक्क मोठ्या झगड्यानंतर आला आणि तो योग्यच आहे. पण जत्रेत, जयंतीत, सामन्यात ज्यांची गाणी गायली गेली त्यांच्यापर्यंत कुठलाही कायदा पोचत नाही. त्यांच्यासाठी आपणच आहोत.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. येत्या १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, गावच्या जत्रेला किंवा घरच्या कार्यात कुणी गाणं म्हटलं, तर म्हणण्याआधी ते कुणी रचलं हे मोठ्यानं सांगा. घरात कुणाची गाण्याची वही ट्रंकेत पडली असेल, तर ती वाळवीच्या आधी बाहेर काढा, नक्कल करा आणि पहिल्या पानावर त्या माणसाचं पूर्ण नाव, गाव आणि धंदा लिहा. आजी-आजोबा हयात असतील तर त्यांच्याकडून गाणी उतरवून घ्या, आणि प्रत्येक गाण्यामागे विचारा की हे कुणाचं. आम्ही एका कवीचं नाव वेळेवर विचारलं नाही. तुम्ही आजच विचारा.